आवाजाची जुळणी

जगात फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी सगळ्यात जास्त कष्ट कुणी उपसले असतील, तर ते माझ्या थोरल्या साडूंनी. लोक पैसे मोजून आणलेल्या वस्तूचीही एवढी बडदास्त ठेवत नाहीत. आता फुकट म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर चालणारे प्रोग्रॅम. जगभरातली काही माणसं आपल्या रिकाम्या वेळात असे प्रोग्रॅम लिहितात, आणि नुसते वाटून मोकळी होत नाहीत, तर ते कसे लिहिले तेही सगळ्यांना वाचायला उघडं ठेवतात. कुणीही न्यावं, हवं तर बदलावं, आपल्या यंत्रावर जुळवून घ्यावं. साडूंच्या मते माणसाच्या हातून याहून सज्जन काम आजवर झालेलं नाही. तयार, बंद डब्यातले प्रोग्रॅम त्यांना चालत नाहीत. "आत काय घातलंय ते जो सांगत नाही, त्याच्या हातचं मी खात नाही," असं ते शांतपणे म्हणतात, आणि मग जी गोष्ट खालच्या मजल्यावरच्या बाईंना एक बटण दाबून मिळते, तिच्यासाठी स्वतः आठ आठ दिवस खपत बसतात. साधं भिंतीवरचं कॅलेंडर पडद्यावर दिसावं म्हणून त्यांनी एकदा अख्खा मे महिना घातला. दिसलं तेव्हा जून लागला होता.

साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. दोघांचे सासरे एक, एवढ्या एका गोष्टीवर जन्मभर एकमेकांच्या घरी जेवायला जायचं. माझी बायको धाकटी, ताई थोरली, म्हणून ताईचे यजमान ते थोरले साडू आणि मी धाकटा. ते एका कारखान्यात मापनयंत्रं दुरुस्त करायचे, मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावरच आम्हा दोघांचंही पोट चाललं. निवृत्तीनंतर मी कात्रजला राहायला गेलो, ते सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर होते तिथेच राहिले. लिफ्ट नाही. "लिफ्ट नसल्यामुळे फक्त कामाची माणसं वर येतात," असं ते येणाऱ्याच्या तोंडावर सांगत. मी धापा टाकत वर पोचलो की तेच वाक्य मलाही ऐकवत, आणि मी कुठल्या कामाला आलोय हे विचारत.

त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कुठलाही प्रोग्रॅम जुळवायला घेतला की पडद्यावर चुकांची रांग लागते. साधा माणूस घाबरून बंद करतो. साडू चष्मा कपाळावर चढवून पडदा वर वर सरकवत थेट सुरुवातीला जात. "खरी चूक पहिली. बाकीचे सगळे तिचे नातेवाईक," हा त्यांचा सिद्धांत. ती पहिली चूक ते दोनशेपानी वहीत शाईच्या पेनानं उतरवून घेत, आणि पानाच्या डोक्यावर आधी श्री घालत. श्री ते सगळ्यावरच घालत. वाण्याच्या यादीवर, वीजमंडळाच्या तक्रारअर्जावर, आणि कॉम्प्युटरमधल्या ज्या फायलीला हात लावतील तिच्यावरसुद्धा. देवभोळे म्हणाल तर मुळीच नाहीत. ताईबरोबर कसब्यातल्या गणपतीला जायचे, तेही बाहेर चपला सांभाळायला. पण कोरा कागद श्रीशिवाय सुरू करायचा नाही ही त्यांच्या वडिलांची शिस्त होती, ती त्यांनी देव वगळून तेवढी ठेवली होती.

वाचून वाचून गाडी अगदीच अडली, तर ते त्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांना पत्र लिहीत. जगाच्या पाठीवर जागोजागी बसलेली ही माणसं एकमेकांना दोन ओळींत प्रश्न विचारतात आणि एका ओळीत उत्तर देतात. साडूंचं पत्र दीड पानी. आधी सर्वांचं क्षेमकुशल, मग पुण्याची हवा, मग आपण आपलं काम सोडून दुसऱ्यासाठी वेळ काढता त्याबद्दल आदर, आणि शेवटी अडचण. सुरुवातीला कुणी उत्तरच देईना. मग उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातल्या एका गृहस्थांनी लिहिलं, की हवेचं विचारलंत म्हणून सांगतो, इथे बर्फ आहे आणि माझा गुडघा दुखतो. साडूंनी उलट टपाली डिंकाच्या लाडवांची कृती पाठवली, डिंकाला तिकडे काय म्हणतात ते शोधून काढून. त्या गृहस्थांनी लाडू केले की नाही ते माहीत नाही, पण तेव्हापासून ते साडूंचे पत्रमित्र झाले.

हे सगळं मी आजवर लग्नकार्यात चार माणसांना हसवायला सांगत आलो. गेल्या वर्षापासून सांगत नाही.

गेल्या वर्षी ताईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं स्पष्ट सांगितलं. जीव वाचेल, आवाज जाईल. ताई चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिचा आवाज म्हणजे काय चीज होती ते मी सांगू नये, कारण मला तिनं पुष्कळदा झापलेलं आहे. तिसऱ्या मजल्यावरून ती भाजीवाल्याशी घासाघीस करायची आणि भाजीवाला चढ्या आवाजात बोलला तर त्याला "हळू बोल, मला ऐकू येतं" असं म्हणायची. ऑपरेशनला तीन आठवडे होते. घरात सगळे रडत, नवस बोलत, फोनवर एकमेकांना धीर देत असताना साडूंनी काय करावं, तर ते वाचायला बसले. दोन दिवसांनी मला फोन केला. "एक प्रोग्रॅम आहे. माणसाचा आवाज भरपूर ऐकवला तर तो शिकतो. नंतर लिहिलेलं त्याच आवाजात बोलून दाखवतो. मराठीसाठी अजून कुणी नीट जुळवलेला नाही." इतकंच बोलून ठेवला.

मग त्या तीन आठवड्यांत ताईला रोज दोन तास वाचायला बसवलं. सदाशिव पेठेत निवांतपणा कुठून आणणार? रिक्षा, शेजारच्या क्लासची पोरं, कुकरच्या शिट्ट्या. शेवटी साडूंनी कपड्यांच्या मोठ्या कपाटाची दारं उघडून त्याच्याभोवती गाद्या-रजया टांगल्या आणि त्या तंबूत ताईला खुर्चीवर बसवलं. ताई आत घामाघूम होऊन वाक्यं वाचायची. "आज बुधवार आहे. दूध उतू गेले. दार उघडे आहे का?" मधेच वैतागायची. "अहो, किती वेळा तेच तेच वाचू? माणूस आहे की पोपट?" साडू बाहेरून म्हणायचे, "हे वाक्य यादीत नाही. पुन्हा." आणि जिथे जिथे ती वैतागली, रागावली, त्यांच्यावर ओरडली, ते सगळे तुकडे त्यांनी रात्री बसून कापून टाकले. प्रोग्रॅमला स्वच्छ, सरळ वाक्यं लागतात असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई घरी आली. गळ्याला लावून गुणगुणत बोलायचं एक छोटं यंत्र मिळालं होतं, ते तिनं एकदा लावून पाहिलं, स्वतःचाच तो भुंग्यासारखा आवाज ऐकला, आणि कपाटात ठेवून दिलं ते कायमचं. मग शाळेतली जुनी पाटी काढली. पण पाटीवर बोलणं किती दिवस चालणार? ती लिहीपर्यंत लोकांचा विषय पुढे जायचा. भेटायला आलेल्या बायका अर्धा शब्द वाचून पुढचं स्वतःच बोलून टाकायच्या, आणि वर मोठ्यानं बोलायच्या, जणू तिचे कानच गेले होते. एके दिवशी त्या गेल्यावर तिनं पाटी पुसली आणि माळ्यावर टाकली. काही हवं असेल तर टाळी वाजवायची, तेवढं राहिलं.

इकडे साडूंनी आतल्या खोलीतल्या त्यांच्या मोठ्या, जुन्या कॉम्प्युटरवर तो आवाज जुळवला होता. मी ऐकला. ताईचाच. थोडा सपाट, पण तिचाच. ताईला बोलावून ऐकवला. तिनं उभ्या उभ्या ऐकलं, खोलीभर नजर फिरवली, त्या टेबलावरची तारांची जत्रा पाहिली, आणि बाहेर जाऊन बसली. त्या खोलीत ती पुन्हा आली नाही. मला वाटलं, तिला आवडला नाही. साडू म्हणाले, "तसं नाही. बोलायला कुणी आतल्या खोलीत जातं का? बोलणं स्वयंपाकघरात असतं, गॅलरीत असतं. ते तिच्या लॅपटॉपवर पाहिजे."

आता अडचण अशी, की ताईचा लॅपटॉप निराळ्या कुळातला. परदेशातल्या मुलीनं दिलेला, पातळ आणि चकचकीत. तो ज्या व्यवस्थेवर चालतो ती वेगळी, साडूंच्या यंत्राची वेगळी, आणि एकीवर जुळवलेला प्रोग्रॅम दुसरीवर जसाच्या तसा चालत नाही. तिथे सगळं पहिल्यापासून जुळवायचं. मी म्हटलं, मग त्यातलं जुनं पुसून तुमच्यासारखं करून टाका. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच खजील झालो. "ती तिची वस्तू आहे," म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी ताईच्या मिसळणाच्या डब्यालाही न विचारता हात लावलेला नव्हता.

तर असे एकोणीस दिवस गेले. पहिला आठवडा नुसता मागण्या पुरवण्यात. हा प्रोग्रॅम म्हणे मला आधी तो दुसरा हवा, दुसरा म्हणे मला तिसरा हवा, आणि तिसऱ्याची नवी आवृत्ती पहिल्याला चालायची नाही. लग्नातल्या व्याह्यांनी इतके मानपान काढले नसतील. साडूंनी एकेकाचं मन राखत सगळे जमवले. ही सगळी कामं ओळीनं कशी करायची, त्याची एक लांबलचक सूचनायादी त्यांनी स्वतः लिहिली होती. आपल्या यंत्रावर त्याच यादीनं त्यांनी आवाज जुळवला होता. ती यादी ताईच्या लॅपटॉपवर चालवली की दोनशे बाराव्या ओळीवर गाडी अडायची. चूक एकच. इथे कंस अपेक्षित नव्हता.

मग त्यांनी मला बोलावलं. छापखान्यात आम्ही मुद्रितशोधक जोडीनं मुद्रितं तपासायचो, एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट फिरवायचं. तसंच करू म्हणाले. मी रोज कात्रजहून बसनं यायचो, तीन मजले चढायचो, आणि त्या यादीतली अगम्य अक्षरं कंस, स्वल्पविराम, टिंबांसकट मोठ्यानं वाचायचो. साडू लॅपटॉपवर बोट फिरवायचे. कंस मी मोजले. उघडणारे तितकेच मिटणारे. उभ्या आयुष्यात एवढं निर्दोष मुद्रित मी पाहिलं नव्हतं, आणि ते चालत नव्हतं. दहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. "अहो, विकतचा आणा ना एखादा. हल्ली बोलतं म्हणे काहीही. फोन बोलतो, लिफ्ट बोलते."

"बोलतं ना. कुणीतरी बाई बोलते," ते म्हणाले. "ही नाही बोलत."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. थोड्या वेळानं ते स्वतःच म्हणाले, "काल तिनं वरच्या फळीवरचा डबा स्टूल घेऊन स्वतः काढला. मी इथेच होतो. टाळी वाजवली असती तर गेलो असतो. नाही वाजवली." मग चष्मा काढून पुसला. "सवय होतेय तिला. न बोलण्याची. एकदा नीट सवय झाली ना, की मग मी हे जुळवून दिलं तरी ती वापरायची नाही." आयुष्यात पहिल्यांदाच मी या माणसाला घाबरलेलं पाहिलं. आणि खरंच होतं ते. ताई गॅलरीत मेथी निवडत बसलेली असायची, आम्ही समोर आरडाओरडा करत असायचो, आणि ती मान वर करून पाहायचीसुद्धा नाही. मुलीचा फोन आला की साडू बोलायचे, ती नुसती मान हलवायची. पुढे पुढे मान हलवायलाही उठेना.

पंधराव्या दिवशी साडूंनी त्या थंड देशातल्या मित्राला पत्र लिहिलं. दीड पानी नव्हतं. चार ओळी लिहिल्या आणि सूचनायादी जोडली. हवेचं काही लिहायचं राहूनच गेलं, आणि त्यावरून त्या भल्या माणसाला प्रकरण गंभीर आहे हे कळलं असावं. एकोणिसाव्या दिवशी त्याचं उत्तर आलं. त्यानं आधी ताईची चौकशी केली होती. मग लिहिलं होतं, की यादी मला बिनचूक दिसते, फक्त एक विचारतो, अगदी पहिल्या ओळीवर ही नक्षी कसली काढली आहे?

साडूंनी ते वाचलं. मी वाचलं. आम्ही दोघांनी यादी उघडून पहिल्या ओळीकडे पाहिलं. तिथे श्री होता.

भानगड अशी, की अशा यादीच्या अगदी पहिल्या ओळीत यंत्राला सांगावं लागतं, की पुढचं अमुक भाषेत वाच. साडूंनी ते सांगितलं होतं, पण दुसऱ्या ओळीत, कारण पहिलीवर श्री, यंत्रानं वाचू नये अशी खूण करून. त्यांचं जुनं यंत्र त्यांच्याच वळणाचं, ते न सांगताही योग्य भाषेत वाचायचं. ताईचा लॅपटॉप नवखा. पहिल्या ओळीत काही सांगितलेलं नाही म्हटल्यावर त्यानं आपल्या मनानं भलत्याच भाषेत वाचायला घेतलं, दोनशे अकरा ओळी कसंबसं निभावलं, आणि दोनशे बाराव्या ओळीला दोन्ही भाषांमधला फरक आडवा आला. आणि मी? एकतीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, दहा दिवस ती यादी मोठ्यानं वाचत होतो. एकदाही मी श्री वाचला नव्हता. छापखान्यातही आम्ही श्री सोडूनच सुरुवात करायचो. श्री कुणी वाचतं का? तो असतोच. ज्याला वाचता येत नव्हता, त्यालाच तो दिसला.

साडूंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. उठून गॅलरीत ताईसमोर जाऊन उभे राहिले आणि गुन्हा कबूल करावा तसं सगळं सांगितलं. एकोणीस दिवस माझ्यामुळे गेले, म्हणाले. श्री काढून पहिली ओळ मोकळी करतो, म्हणाले. ताईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. साडूंना बोटानं माळा दाखवला. आम्हाला आधी कळेना, मग कळलं. स्टूल घेऊन मी पाटी काढून दिली. तिनं पदरानं धूळ पुसली आणि किती दिवसांनी लिहिलं, "काढू नका. दुसऱ्या ओळीवर घाला. देवाला खालचंही वाचता येतं."

आता या गोष्टीला वर्ष होत आलं. ताई त्या आवाजात बोलते, भांडतेसुद्धा, पण त्या आवाजाला रागावता येत नाही. "मी गेले दोन तास वाट पाहत आहे," हे ती "आज बुधवार आहे"च्याच सुरात म्हणते, आणि मग पुढे टाइप करते, "मी रागावले आहे असं समजा." साडू समजतात. मला एकदा जिन्यात म्हणाले, "ते ओरडण्याचे तुकडे मी कापायला नको होते हो. पुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो." मी जिना उतरलो.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं. श्री एक ओळ खाली आला, यादी चालवली, आणि दोनशे बारावी ओळ कधी गेली ते आम्हाला समजलंही नाही. दोन तास पडद्यावर ओळी धावत होत्या. संपल्या. साडूंनी लॅपटॉप ताईच्या हातात दिला, कुठे लिहायचं आणि कुठली कळ दाबायची ते दाखवलं, आणि आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे समोर बसलो. ताईनं आमच्याकडे पाहिलं, लॅपटॉप मिटला, काखेत मारला, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दार लोटून घेतलं. मला भयंकर राग आला. एकोणीस दिवस त्यांचे, रोज तीन मजले माझे, आणि एक शब्द नाही? साडूंचा चेहरा पाहवत नव्हता. उशीर झाला, असंच त्यांच्या मनात आलं असणार, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. त्यांनी वही पुढे ओढली आणि त्या परदेशी मित्राला आभाराचं पत्र लिहायला घेतलं. आधी क्षेमकुशल, मग पुण्याची हवा. मी वर्तमानपत्र उघडून त्याच्यामागे बसलो. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील.

"अहो."

"आलो," साडू म्हणाले, आणि पत्रावरची नजर न काढता उठले. पेनाला टोपण लावलं, चष्मा सारखा केला, चपला पायात सरकवल्या, आणि रोजच्यासारखे चालत निघाले. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले तेव्हा कुठे त्यांचा पाय अडला. दाराच्या चौकटीला हात लावून ते तिथेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

"तिनंच हाक मारली ना?" त्यांनी मला विचारलं.

"तिनंच," मी म्हटलं.

मग ते आत गेले.